पवित्र शास्त्रातील वंशावळी

शास्त्रपाठाच्या तासाला मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय निघाला म्हणजे वर्गात जी चलबिचल होते ती आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहो. वाचणारा विद्यार्थी पहिल्या तीन-चार नावांपर्यंत सावकाश जातो. अम्मीनादाब व नखशोन यांच्यापाशी त्याची जीभ अडखळते. मागच्या बाकावर हसू फुटते. आणि मग कधी एकदा योसेफाचे नाव येते व आपली सुटका होते अशा घाईने तो बिचारा उरलेली नावे मालगाडीच्या डब्यांप्रमाणे धडाधड सोडून देतो. आम्हांस त्याचा राग येत नाही. विद्यार्थिदशेत आम्हीही तेच केले आहे. पहिली सतरा वचने वगळून अठराव्यापासून वाचावयास आरंभ करावा, ही युक्ती तर आम्हांस घरातील एका वडील माणसानेच शिकविली होती.

मराठीत छापून निघालेले पहिले शुभवर्तमान हेच. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी ते सन १८०५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे छापील शुभवर्तमान हाती घेणाऱ्या पहिल्या मराठी वाचकाच्या दृष्टीस आरंभी पडले ते नावांच्या यादीचे पान! त्याने ते ओलांडले की वाचले, हे कोण सांगणार? परंतु आम्हांस वाटते की त्याने ते वाचले असेल, आणि आपल्याहून अधिक समजून वाचले असेल. कारण वतन म्हणजे काय हे त्यास कोणी सांगावयास नको होते.

इस्राएल लोकांस मिळालेल्या भूमीस आपल्या मराठी शास्त्रात जागोजागी ‘वतन’ असेच म्हटले आहे. हा शब्द भाषांतरकारांनी या देशाच्या मातीतून उचलला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने ज्या काळी चालू होती त्या काळी वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे पहिले प्रश्न निघत ते असे : मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, वडील शाखा कोणती? वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची नावे येत. गोत बसे, महजर होई. एक नाव गळाले तर एका शाखेचा हक्क बुडे. एक नाव खोटे घुसले तर दुसरीचा. अशा कागदास कोणी कंटाळवाणा म्हणत नसे.

इस्राएलातही हीच स्थिती होती. भूमी वंशावंशांत व घराण्याघराण्यांत वाटून दिलेली असे. कर्जापायी ती हातची गेली तरी नियमशास्त्राप्रमाणे पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत यावयाची. नाबोथाने आपला द्राक्षमळा अहाब राजास देण्याचे साफ नाकारले व त्यापायी प्राण गमावला, तो केवळ हट्टापायी नव्हे; तो मळा त्याच्या पूर्वजांचे वतन होता. सलाफहादास पुत्र नव्हता, पाच कन्या होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाचही जणी मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का नाहीसे व्हावे, असा प्रश्न त्यांनी केला. निकाल त्यांच्या बाजूने लागला व पुत्र नसल्यास कन्येने वारस व्हावे असा नियम झाला. गणनेच्या पुस्तकात ही हकीकत आहे. विद्यार्थिनींनी ती अवश्य वाचावी. याजकपणाचेही तसेच होते. अहरोनाच्या कुळात ज्याचा जन्म, त्यासच वेदीजवळ जाण्याचा अधिकार. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार योसेफस हा स्वतः याजककुळातला. याजक लोक परदेशी राहत असले तरी विवाहाच्या वेळी वधूच्या पूर्वजांची नावे यरुशलेमेस कळवीत, असे तो सांगतो. आणि आपले आत्मचरित्रही तो स्वतःच्या वंशावळीनेच सुरू करतो.

तेव्हा वंशावळ म्हणजे प्रथमतः एक कागद होय. त्याच्या जोरावर मनुष्य आत येतो; तो नसेल तर बाहेर राहतो.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आजही जात पडताळणीच्या अर्जासोबत पितृकुळाची वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते, आणि तीतील नावांस जुन्या शाळेच्या दाखल्यांचा किंवा महसुली नोंदींचा आधार दाखवावा लागतो. गतवर्षी उच्च माध्यमिक वर्गातील एक विद्यार्थी असा कागद घेऊन आम्हांकडे आला. खाली त्याचे नाव, त्यावर वडिलांचे, त्यावर आजोबांचे. आणि त्याच्याही वर शिसपेन्सिलीने काढलेली एक रेघ, तिच्यापुढे काही नाही. आजोबा खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव फिरलेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, जमीन तर नव्हतीच. मग त्यांच्या बापाचे नाव कोणत्या दप्तरात सापडणार? योगायोग असा की, त्याच आठवड्यात वर्गात एज्राचे पुस्तक चालू होते. दुसऱ्या अध्यायापाशी त्याने आम्हांस एक प्रश्न केला, तो पुढे योग्य स्थळी सांगू. हा लेख मुळात त्या प्रश्नातून निघाला आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात ‘तोलदोथ’ हा इब्री शब्द मथळ्यासारखा दहा-अकरा वेळा येतो. जन्म देणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. पहिल्याने तो येतो तेव्हा तो कोणा मनुष्याच्या वंशाविषयी नसून आकाश व पृथ्वी यांच्याविषयी आहे. जणू त्या लेखकाच्या मते सृष्टीचा इतिहासही एक जन्मवृत्तांतच होय. पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पुरुष येतात. अमुक इतकी वर्षे जगला, त्यास पुत्र झाला, आणि तो मरण पावला, असा प्रत्येकाचा ठराविक साचा. मथुशलह ९६९ वर्षे जगला हे मुलांस ठाऊक असते. तोही अखेर मेला, याकडे त्यांचे लक्ष जात नाही. साच्याबाहेर एकटा हनोख. त्याची वर्षे सर्वांत थोडी, ३६५, आणि त्याच्याविषयी मरणाचा शब्द नाही.

या वर्षांची बेरीज करण्याचा मोह विद्वानांसही आवरला नाही. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सन १६५० मध्ये हिशोब करून सृष्टीची उत्पत्ती इ. स. पू. ४००४ या वर्षी ठरविली, व तो आकडा पुढे दीर्घ काळ इंग्रजी शास्त्राच्या समासात छापला जात असे. अशर यांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस आदर आहे. पण या याद्या बेरजेसाठी रचलेल्याच नाहीत. शेजारच्या सुमेर देशातील राजांची एक जुनी यादी मातीच्या लोलकावर कोरलेली सापडली असून तो लोलक ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. जलप्रलयापूर्वी आठ राजांनी मिळून २,४१,२०० वर्षे राज्य केले असे तीत लिहिले आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्या. तेथे प्रत्येक नावामागे गादी आहे. येथे प्रत्येक नावामागे पुत्र आहे आणि मरण आहे. दहांतला एकही राजा नाही.

आता त्या पुस्तकाकडे वळू, जे वाचावयास घेऊन बहुतेकांनी पहिल्याच पानावर मिटले आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे प्रथमचे नऊ अध्याय म्हणजे नावेच नावे. आरंभीच्या वचनांत तर क्रियापदही नाही. एकामागून एक नुसती नावे. हा नीरसपणा कोठून आला हे समजण्यास काळ ध्यानात घेतला पाहिजे. इ. स. पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, राजास व प्रतिष्ठितांस धरून नेले. इ. स. पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले व त्यानंतर लोकांस परत जाण्याची मोकळीक मिळाली. परत आले त्यांतील बहुतेकांचा जन्मच परदेशी झालेला. राजा नाही, तट नाही, शेताच्या बांधावर दुसऱ्याचाच नांगर. अशा लोकांपाशी शिल्लक काय राहते? नावे राहतात. घर जळाल्यावर मनुष्य राखेत बोटे घालून जसा एकेक भांडे शोधतो, तसा हा ग्रंथकार एकेक नाव शोधतो आहे.

आणि हळूहळू वाचीत गेल्यास त्या राखेत कितीतरी वस्तू हाती लागतात. चौथ्या अध्यायात कारागिरांच्या एका खोऱ्याचा उल्लेख आहे. तागाचे तलम कापड विणणाऱ्या घराण्यांचा आहे. आणि राजाच्या कामावर असलेल्या कुंभारांचा आहे. दावीद-शलमोनाच्या शेजारी कुंभार व विणकर! राजाचा नुसता भाट असता तर त्याने ही घराणी टिपून ठेवली नसती. दुसऱ्या अध्यायात शेशान नावाचा एक पुरुष आहे. त्यास पुत्र नव्हते, कन्या होत्या. त्याच्या घरी यरहा नावाचा एक मिसरी दास होता. शेशानाने आपली कन्या त्या दासास दिली, आणि यहूदाच्या वंशाची ती शाखा त्या दासाच्या संततीतून पुढे तेरा पिढ्या नावानिशी लिहिलेली आहे. लपविलेले काही नाही. दास तो दास, मिसरी तो मिसरी, आणि तरीही वंशावळीत. सातव्या अध्यायात शेरा नावाची एक स्त्री आहे. तिने खालचे व वरचे बेथ-होरोन बांधले. वंशावळीत स्त्रीचे नाव येणे विरळा, आणि गाव वसविणारी म्हणून येणे त्याहून विरळा.

परंतु जी यादी कोणास सांभाळते तीच दुसऱ्या कोणास बाहेर ठेवते. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परत आलेल्यांची मोजदाद आहे. नहेम्याच्या सातव्यात तीच थोड्या फरकाने पुन्हा येते. घराण्याघराण्याने आकडे दिलेले आहेत. यादी सरत आली असता काही लोक असे निघतात की, आपले पितृकुळ इस्राएलातले आहे हे त्यांस दाखविता येईना. दलाया, तोबीया व नकोदा यांची ही घराणी. एज्राप्रमाणे माणसे ६५२. त्यांच्या पाठोपाठ याजकांतील तीन घराणी येतात : हबाया, हक्कोस व बर्जिल्लय. त्यांनी आपल्या वंशावळीचा लेख शोधला, तो सापडला नाही. तेव्हा त्यांस अशुद्ध ठरवून याजकपणातून वगळण्यात आले, आणि उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नास त्यांनी शिवू नये, असे प्रांताधिकाऱ्याने फर्माविले.

ध्यानात घ्यावे की, ही मंडळी खोटी होती असे शास्त्र म्हणत नाही. त्यांनी शोधले व सापडले नाही, एवढेच. दप्तर शत्रूने जाळले; शिक्षा मात्र ज्यांचे दप्तर जळाले त्यांस.

येथेच आमच्या विद्यार्थ्याने हात वर केला. “सर, त्या लोकांचे पुढे काय झाले?”

आम्हांस उत्तर आले नाही. पुढे पाहू, असे म्हणून आम्ही धडा आवरला. शिक्षकाने असे म्हटले म्हणजे काय समजावयाचे ते विद्यार्थ्यांस ठाऊक असते.

घरी येऊन शास्त्र चाळू लागलो तो पहिल्याने रूथचे पुस्तक पुढे आले. चारच अध्यायांचे हे पुस्तक. पण एज्राच्या यादीशेजारी ठेवले म्हणजे त्यास निराळीच धार येते. अनुवादाच्या पुस्तकात असा नियम आहे की, मवाबी मनुष्याने दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. नहेम्याच्या काळी हा नियम लोकांस वाचून दाखविल्याचे लिहिले आहे, आणि एज्राच्या काळी परक्या स्त्रियांस घराबाहेर घालविण्यात आले. आणि रूथ कोण? मवाबी. ग्रंथकार हे एकदा सांगून थांबत नाही. मवाबी रूथ, मवाबी रूथ, असे तो वारंवार म्हणतो, वाचकास विसर पडू नये म्हणून. ती विधवा, दरिद्री, परक्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिचा पुत्र ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. दहा पिढ्या कोठल्या? तिसऱ्याच पिढीस तिचा वंशज सिंहासनावर! हे पुस्तक एज्राच्या काळी त्याच्या कडक धोरणास उत्तर म्हणून लिहिले गेले, असे काही पंडित मानतात; काही ते फार जुने मानतात. तो वाद येथे नको. दोन्ही पुस्तके एकाच शास्त्रात शेजारधर्माने नांदत आहेत, एकाने दुसऱ्यास खोडले नाही, हेच आम्हांस विशेष वाटते.

मात्र एक उणीव राहिली. रूथच्या पुस्तकाच्या अखेरीस पेरेसापासून दावीदापर्यंत दहा नावांची वंशावळ आहे, आणि तीत रूथचे नाव नाही! सारे पुस्तक तिचे, यादी पुरुषांची. ते नाव यादीत घालण्यास मत्तय यावा लागला.

मत्तयाची वंशावळ वरवर पाहता अगदी नियमबद्ध आहे. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग : अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत, तेथून ख्रिस्तापर्यंत. इब्री भाषेत अक्षरांस अंकांचे मोल असते. दावीद या नावात दालेथ, वाव, दालेथ अशी तीन अक्षरे आहेत. चार, सहा व चार मिळून चौदा होतात. वंशावळीच्या अंगावर राजाच्या नावाची मोहोर उठविली आहे असे पुष्कळांचे मत असून ते आम्हांस पटते. पण हे चौदा साधण्यासाठी मत्तयाने काय केले आहे? योराम व उज्जीया यांच्यामध्ये अहज्या, योवाश व अमस्या असे तीन राजे होते. ते गाळले आहेत. योशीया व यखन्या यांच्यामधला यहोयाकीमही गाळला आहे. शेवटच्या भागात तर बोटांवर मोजल्यास तेराच पिढ्या भरतात, आणि प्रत्येक वर्गात असा मोजणारा एक विद्यार्थी निघतोच. पंडितांनी यावर नाना तोडगे काढले आहेत. आमच्या मते मत्तय येथे कारकुनाचे काम करीत नसून चित्रकाराचे करीत आहे. मागील राजांची नावे त्याच्या वाचकांस पाठ होती. गाळल्याने कोणाची फसवणूक होत नव्हती. अशर यांची बेरीज लंगडी का पडते, तेही येथे कळते : अमुकापासून अमुक झाला या शब्दांत कधी कधी पणतूही मावतो.

या यादीत बंदिवासाच्या उंबरठ्यावर यखन्या उभा आहे. त्यासच यहोयाखीन असेही म्हणतात. अठरा वर्षांचा हा राजा तीन महिने गादीवर बसला व बाबेलास कैद होऊन गेला. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्याविषयी कठोर शब्द काढले होते : हा मनुष्य निःसंतान असे लिहून ठेवा, कारण याच्या संतानापैकी कोणी दावीदाच्या गादीवर बसावयाचा नाही. सन १८९९ ते १९१७ या काळात जर्मन संशोधकांनी बाबेलचे उत्खनन केले. राजवाड्याच्या आवारात मातीच्या पाट्या निघाल्या. त्या सरकारी कोठाराच्या शिध्याच्या नोंदी होत्या. अर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांतील काही वाचून सन १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. कैदेतील परदेशी लोकांस किती तेल द्यावयाचे याच्या त्या नोंदींत यहूदाच्या राजाचे, यहोयाखीनाचे, नाव आहे, आणि त्याच्या पाच पुत्रांचा वाटाही आहे. ज्यास निःसंतान लिहावयाचे, त्याचे पाच पुत्र शत्रूच्या कोठीत तेलाच्या मापाने मोजले गेले! यिर्मयाचे बोलणे खोटे ठरले असे नव्हे. त्या पुत्रांपैकी राजा कोणी झाला नाही. यखन्याचा नातू जरुब्बाबेल हा लोकांस घेऊन परत आला, पण प्रांताधिकारी म्हणून. तरी पण शापित ठरलेले ते नाव मत्तयाने गाळले नाही. चार राजे गाळणारा हा लेखक यखन्यास मात्र ठेवतो.

आणि तो स्त्रियांस ठेवतो. सारा, रिबका, लेआ, राहेल या कुलमाता तो सांगत नाही. सांगतो तामार, राहाब व रूथ. तामारेस तिच्या सासऱ्याने न्याय नाकारला आणि तिने तो वेश पालटून मिळविला. उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय वर्गात मोठ्याने वाचीत नाहीत, पण सासऱ्यानेच शेवटी तिला आपल्याहून अधिक नीतिमान म्हटले हे विसरू नये. राहाब यरीहोची वेश्या. रूथचे वर्णन वर आलेच आहे. या स्त्रिया पापिणी म्हणून येथे आल्या, असे जुन्या टीकाकारांतील जेरोम याचे मत होते. ते आम्हांस मान्य नाही. रूथच्या अंगी दोष तो कोणता? परक्या म्हणून आल्या, हे मत अधिक बरे. पण आमच्या मते खरी गोष्ट ही की, नियमाप्रमाणे प्रत्येकीचे नाव कागदाबाहेर राहावयाचे होते.

चौथ्या स्त्रीचे तर मत्तय नावही घेत नाही. शलमोनाची आई बथशेबा हे सर्वांस ठाऊक. पण तो लिहितो, उरीयाच्या स्त्रीपासून. हा उरीया हित्ती दावीदाच्या सैन्यातला शिपाई. राजाने त्याची बायको घेतली आणि त्यास लढाईच्या तोंडी ठेवून मारविले. त्याचे रक्त या वंशात नाही. त्यास संतान झाल्याचे शास्त्रात कोठे नाही. आणि तरी पण राजघराण्याच्या वंशावळीत, नेमके दावीदाच्या नावाशेजारी, त्या मारल्या गेलेल्या परक्या शिपायाचे नाव उभे आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदाच्या वीरांची यादी आहे, तिचाही शेवट उरीया हित्ती या नावानेच होतो. असा वंशवृक्ष कोणता भाट आपल्या धन्यास वाचून दाखवील?

अखेरीस व्याकरणाचा एक मुद्दा, आणि तो सर्वांत मोठा आहे. मूळ ग्रीक भाषेत, जन्म दिला हे एकच क्रियापद ३९ वेळा एकाच रूपात येते : बापाने पुत्रास जन्म दिला. वाचकाच्या कानास त्याचा ठेका बसतो. चाळिसाव्या वेळी तो ठेका मोडतो. योसेफाने जन्म दिला असे मत्तय म्हणत नाही. योसेफ हा मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला, असे रूप तो बदलतो. मग अब्राहामापासून रक्ताचा हा धागा इतक्या कष्टाने कातला कशासाठी? तो तर शेवटच्या गाठीस सुटला! उत्तर पुढील वचनांत आहे. योसेफाने मुलाचे नाव ठेवले. बापाने नाव ठेवणे म्हणजे त्यास आपला म्हणणे, आणि यहूदी रीतीप्रमाणे तेवढ्याने तो मुलगा त्या वंशाचा झाला. दावीदाचा पुत्र हे बिरुद येशूस मिळाले ते एका सुताराने आपल्या पोटचा नसलेल्या मुलास आपले म्हटले म्हणून.

लूककृत शुभवर्तमानातील वंशावळ उलट दिशेने, येशूपासून वर, आदामापर्यंत व त्याच्याही पलीकडे देवापर्यंत जाते. पाऊणशेहून अधिक नावे आहेत आणि दावीदाच्या खाली ती मत्तयाशी बहुधा जुळत नाहीत. मत्तयात योसेफाचा बाप याकोब, लूकात एली. तिसऱ्या शतकातील ज्यूलियस आफ्रिकानस याने, निःसंतान मेलेल्या भावाच्या विधवेशी विवाह करण्याच्या चालीवरून, एक जन्मदाता बाप व एक कायद्याचा बाप, असा मेळ घातला. लूकाची यादी मरीयेच्या कुळाची, असे दुसरे काही म्हणतात. आम्हांस कोणताही मेळ निर्णायक वाटत नाही. हेरोद राजाने आपल्या हलक्या कुळाच्या लाजेने यहूद्यांची वंशदप्तरे जाळविली, अशी हकीकत याच आफ्रिकानसाने दिली आहे. इतिहासकार तिजविषयी साशंक आहेत, पण असे कोणास सुचावे यावरूनही त्या कागदांचे मोल कळते. पौलाच्या नावावरील तीमथ्य व तीत यांच्या पत्रांत वंशावळींच्या न संपणाऱ्या वादात पडू नका अशी ताकीद आहे. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ज्यास ख्रिस्ताच्या याजकपणाचा नमुना म्हटले, तो मलकीसदेक कोण? ज्याच्या बापाचा, आईचा, वंशावळीचा कोठे पत्ता नाही असा याजक.

आता त्या प्रश्नाकडे. त्या लोकांचे पुढे काय झाले?

हक्कोसाच्या घराण्याचा माग लागतो. त्या पहिल्या मोजणीनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी एज्रा स्वतः यरुशलेमेस आला व बरोबर आणलेले सोने-रुपे त्याने मंदिरात तोलून दिले. ते ज्याच्या हाती तोलून दिले तो मरेमोथ याजक, उरीयाचा पुत्र. हा उरीया अर्थात निराळा. पुढे नहेम्याने तट बांधावयास घेतला तेव्हा बांधणाऱ्यांत पुन्हा मरेमोथ येतो, आणि तेथे त्याचे कूळ पुरते लिहिले आहे : उरीयाचा पुत्र, हक्कोसाचा नातू. त्याने तटाचे एक नव्हे, दोन भाग बांधले. दोन्ही ठिकाणचा मरेमोथ एकच असेल, आणि तसे मानण्यास अडचण दिसत नाही, तर ज्या घराण्याचा लेख सापडला नव्हता त्याचाच एक पुरुष मंदिराच्या भांडारापाशी याजक म्हणून उभा आहे. हबाया व बर्जिल्लय यांच्या घराण्यांविषयी, आणि त्या ६५२ जणांविषयी, शास्त्र पुढे काही सांगत नाही. पण एक हिशोब आम्ही करून पाहिला. एज्राच्या अध्यायात घराण्यांचे जे आकडे दिले आहेत त्यांची बेरीज २९,८१८ होते. आणि मंडळीची एकंदर संख्या दिली आहे ४२,३६०. म्हणजे कोणत्याही घराण्याच्या आकड्यात न बसलेली साडेबारा हजार माणसे एकंदरीत धरलेली आहेत. ती कोण, याविषयी तर्क अनेक आहेत. ६५२ जण मात्र घराण्यांच्या आकड्यांतच आहेत. त्यांचे कूळ सिद्ध झाले नाही असे लिहून, त्यांस मोजले आहे.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास पुढच्या आठवड्यात सांगितले. त्याने मरेमोथाचे नाव वहीत उतरून घेतले, आणि बेरीज आम्ही केली तशीच येते की नाही हे तेथेच कागदावर पुन्हा करून पाहिले. ती बरोबर आली. त्याच्या अर्जाचा निकाल हा लेख लिहीपर्यंत लागलेला नाही. सुटीत तो चुलत आजोबांच्या गावी गेला होता, कोठे काही नोंद मिळते का पाहावयास.